अत्तींचा आवाज

“वहिनी, कार्यक्रम छान झालाय. पण आमची आई कुठं आहे त्यात?”

हुबळीहून नणंदेचा फोन. मी चमकले. “कुठं म्हणजे? सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहेत की अत्ती!” त्यावर ती म्हणाली, “असेल बाई. आम्ही गाडीत लावला होता. तुमच्या आईंचं सगळं स्वच्छ ऐकू आलं. आमच्या आईचं मधनंमधनं नुसतं हं, हूं. म्हणून ह्यांनी आवाज वाढवला, तर नेमक्या तुमच्या आई हसल्या. ह्यांनी दचकून ब्रेकच दाबला.”

फोन ठेवते न ठेवते तोच पुण्याहून भाऊ. त्यानं इअरफोन लावून ऐकलं होतं. “ताई, आई कानात ओरडते गं. आणि तुझ्या सासूबाई काय पलीकडच्या खोलीत बसल्या होत्या काय?”

दोघी एकाच पलंगावर, एकाच माईकसमोर, मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. माईक मी स्वतः हातात धरला होता. मग हे असं कसं झालं, या एका प्रश्नापायी माझ्यासारख्या मराठी शिकवणाऱ्या बाईनं पुढचे दोन महिने डेसिबल, कंप्रेसर, लाउडनेस असल्या गोष्टींत घालवले. त्यातलं थोडं आज सांगते. घरोघरी आज्या आहेत आणि घरोघरी मोबाईल आहेत, तेव्हा कुणाला तरी उपयोगी पडेल.

त्याचं असं झालं. २०२४ च्या मे महिन्यात मुलगा इंजिनिअरिंगच्या सुट्टीत घरी आला होता. आमच्या घरात दोन आज्या. सासूबाईंना तो ‘अज्जी’ म्हणतो आणि माझ्या आईला ‘आजी’. एका ‘ज’चा फरक, पण घरात हाक कुणाला गेली ते लगेच कळतं. आईचं माहेर, सासर दोन्ही गडहिंग्लजकडचं; बाबा गेल्यापासून ती आमच्याकडे बेळगावात असते. अत्ती धारवाडजवळच्या एका खेड्यातल्या. १९६८ साली लग्न होऊन या मराठी घरात आल्या. आपल्या भागात अशा सोयरिकी तेव्हाही होत होत्या, आताही होतात. वाचकांना त्याचं नवल नाही. तर मुलगा म्हणाला, “दोघींना बोलतं करू या. पॉडकास्ट करू.” पॉडकास्ट म्हणजे रेडिओवर असतो तसाच कार्यक्रम, फक्त त्याची वेळ ठरलेली नसते. आपल्याला सवड असेल तेव्हा मोबाईलवर लावायचा.

पहिला विषय निघाला पुरणपोळी की होळगी. आता हा विषय दोन विहिणींच्या मध्ये ठेवायचा म्हणजे गवताच्या गंजीशेजारी काडी ओढायची. पुरण कुठवर शिजवायचं, पोळी केवढी लाटायची, कटाच्या आमटीत गूळ किती आणि होळगीच्या सारात किती, यावर पाऊण तास रेकॉर्डिंग झालं. मुलानं ते लॅपटॉपवर चढवलं, त्याची पातळी ठीक केली, ‘ऑडेसिटी’ नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर मला दाखवलं आणि सुट्टी संपली म्हणून निघून गेला. ऑडेसिटी तसं जुनं, अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार होऊन २००० साली बाहेर आलेलं. जाताना एवढंच बजावून गेला, “आई, मूळ फाईलला हात लावू नको. पेन ड्राईव्हवर आहे. जे काय करशील ते कॉपीवर कर.” त्याचं हे वाक्य पुढं माझ्या किती कामी आलं ते सांगणारच आहे.

पाऊण तासाचा कार्यक्रम कोण ऐकणार? मी कापाकापी सुरू केली. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे. रेकॉर्डिंगमधल्या शांत जागा ते आपण होऊन शोधतं आणि आखडून टाकतं. किती खालचा आवाज म्हणजे शांतता, तो आकडा आपण द्यायचा. समोर उणे २० डेसिबल लिहून आलं होतं. मला त्यातलं काय कळणार! मी तसंच पुढे दाबलं. पाच मिनिटं वाचली. मला कोण आनंद! परीक्षेचे पेपर असे आपोआप तपासून झाले असते तर किती बरं, असाही विचार मनात आला.

मग ते दोन फोन आले.

माझा एक जुना विद्यार्थी लग्नसमारंभांना आणि ऑर्केस्ट्राला साऊंड लावतो. वर्गात तो शेवटच्या बाकावर असायचा आणि त्याला वृत्तं कधी आली नाहीत. त्याला फाईल पाठवली. रात्री त्याचा फोन आला. “मॅडम, फाईल लाउडनेसमध्ये एकदम बरोबर आहे. उणे १६. जगात कुठंही पाठवा, कुणी नाव ठेवणार नाही.”

“मग अज्जी ऐकू का येत नाहीत?”

तो हसला. “मॅडम, मीटरनं अज्जींना गैरहजर धरलंय.”

हे गैरहजर प्रकरण समजून घ्यायला मला दोन दिवस लागले. वाचकहो, तुम्हीही जरा धीर धरा.

आधी डेसिबलचा घोळ. गणपतीत आपल्याकडे डॉल्बी लागते तेव्हा पेपरात डेसिबलचे आकडे येतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. हे डेसिबल हवेतल्या आवाजाचे. लॅपटॉपमधले डेसिबल वेगळे. तिथं शून्य म्हणजे घराचं छत. त्याच्या वर आवाजाला जागाच नाही. म्हणून तिथले सगळे आकडे उणे असतात. छतापासून किती खाली, ते सांगणारे. आवाज छताला धडकला की त्याचा माथा सपाट कापला जातो आणि कानाला फाटका, खरखरीत लागतो. एकदा फाटला की तो कशानंही शिवता येत नाही. म्हणून रेकॉर्डिंग करताना चार बोटं खालीच ठेवायचं, बोलण्याचे वरचे टोक उणे १२ च्या आसपास राहू द्यायचे.

पण आवाजाचं टोक किती उंच गेलं यावरून तो कानाला किती मोठा लागेल हे कळत नाही. एक टाळी आणि दहा मिनिटांचं भांडण, दोन्हींचं टोक सारखं असू शकतं. पूर्वी टीव्हीवर मालिका चालू असताना जाहिरात आली की घर दणाणायचं, आठवतं ना? जाहिरातीचं टोक नियमातच असायचं, पण ती पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत छताला खेटून चालायची. या प्रकाराला जगभर लोक कंटाळले. मग आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं २००६ साली लाउडनेस मोजायची एक रीत ठरवली. माणसाच्या कानाला खर्जातला गुंगाट कमी जाणवतो आणि वरच्या पट्टीतला आवाज जास्त टोचतो, हे त्या मोजणीत धरलेलं आहे. तिचं माप एलयूएफएस. युरोपातल्या प्रसारण संस्थांच्या संघानं २०१० साली टीव्ही-रेडिओसाठी उणे २३ हा आकडा ठरवला. अमेरिकेनं त्याच वर्षी कायदाच केला आणि २०१२ च्या डिसेंबरपासून तिथं जाहिरातीला कार्यक्रमापेक्षा मोठ्यानं बोलायची बंदी झाली. आमच्या आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “जाहिरातीला कायदा केला, माणसांना कधी करणार?” हे ती केवढ्या मोठ्यानं म्हणाली असेल याची कल्पना तुम्ही करा.

पॉडकास्ट बहुधा मोबाईलवर, रस्त्यात, बसमध्ये, भांडी घासताना ऐकतात. आजूबाजूला गोंगाट असतो. त्यामुळे तिथं उणे २३ फार हळू पडतं. ॲपल कंपनी आपल्याकडच्या पॉडकास्टसाठी उणे १६ च्या आसपास ठेवा म्हणून सांगते आणि वरचं टोक छतापासून निदान एक डेसिबल खाली ठेवायला सांगते. फाईल लहान करताना टोकं थोडी वर उसळतात, त्यासाठी ती जागा. आणखी एक बारकी खोच आहे. एका माईकवरची फाईल मोनो असते. ती दोन्ही कानांत वाजते तेव्हा तीन डेसिबलची भर पडते, म्हणून मोनो फाईलचं उणे १९ म्हणजेच स्टिरिओचं उणे १६. माझ्या मुलानं हे सगळं बरोबर केलं होतं. आकडा चोख होता.

आता गैरहजेरी. आम्ही वर्गाची सरासरी काढतो तेव्हा परीक्षेला न बसलेल्या मुलांचे शून्य धरत नाही. धरलं तर हुशार वर्गही नापास दिसेल. लाउडनेसच्या मोजणीतही तसंच आहे. बोलण्यात थांबे असतात, शांतता असते, ती सरासरीत धरली तर आकडा उगाच खाली येईल. म्हणून मीटर आवाजाचे ०.४ सेकंदांचे तुकडे पाडतो. पूर्ण शांत तुकडे आधी काढून टाकतो. उरलेल्यांची एक कच्ची सरासरी काढतो आणि तिच्यापेक्षा दहानं खाली असलेले तुकडेही गैरहजर समजून वगळतो. जे उरले त्यांची सरासरी म्हणजे तुमचा आकडा.

विद्यार्थ्यानं मला दोघींचं बोलणं वेगवेगळं मोजून दाखवलं. आई उणे १६. अत्ती उणे ३१. सगळ्या कार्यक्रमाचं मिळून उणे १६! म्हणजे अत्ती पाऊण तास बोलल्या काय, न बोलल्या काय, आकड्यात काही फरक पडत नव्हता. साधारण दहा डेसिबलनं आवाज वाढला की कानाला तो दुप्पट वाटतो. इथं पंधराचं अंतर होतं.

याची कारणं शोधताना मला आधी माझाच हात सापडला. तोंडापासून माईक दुप्पट लांब गेला की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. आई बोलताना पुढं वाकते, अत्ती भिंतीला टेकून बसतात. मी नकळत माईक जी बोलते तिच्याकडे, म्हणजे आईकडे, धरून बसले होते. दुसरं कारण आईचा कान. तिला चार-पाच वर्षांपासून ऐकू कमी येतं. ज्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही तो मोठ्यानं बोलतो, यात तिचा काही दोष नाही. गोंगाटात आपण सगळेच आपोआप आवाज चढवतो. एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच कानाच्या डॉक्टरनं १९११ मध्ये हे दाखवलं आणि त्या सवयीला आजही त्याचंच नाव आहे. आईच्या कानात तो गोंगाट कायमचा वस्तीला आलाय असं समजा.

आणि तिसरं, अत्ती हळू बोलतात. नेहमीच. लग्न होऊन आले तेव्हापासून मी पाहते आहे. घरात सगळे म्हणायचे, स्वभावच शांत. मीही तेच म्हणत आले. धारवाडच्या आकाशवाणीवर, १९५० पासूनचं केंद्र ते, अत्ती लहानपणी गाणी ऐकायच्या आणि मागोमाग मोठ्यानं म्हणायच्या, असं त्यांच्या भावानं एकदा सांगितलं होतं. तेव्हा मला ते खरं वाटलं नव्हतं.

झालं, मी पेन ड्राईव्ह काढला. मूळ रेकॉर्डिंग घेऊन अत्तींचं प्रत्येक वाक्य हातानं उचलायचं ठरवलं. पडद्यावर आवाजाचं चित्र दिसतं. आईचा आवाज उसाच्या फडासारखा उभा, अत्तींचा भाताच्या तरव्यासारखा, बोटभर. कॉलेजवरून आले की रात्री दोन तास हेच काम. ऐकताना गंमतही वाटायची. आई ‘भाकरी’, ‘फोडणी’, ‘खोबरं’ म्हणाली की माईकवर फट्कन फुंकर बसे. अत्तींच्या धारवाडी वळणात महाप्राण हलके. त्यांच्या ‘ब’काराला फुंकर जवळजवळ नाहीच. भाषाशास्त्राच्या तासाला मी इतकी वर्षं जे फळ्यावर शिकवत आले ते माईकनं एका झटक्यात दाखवलं. (उपाय सोपा आहे. माईक तोंडासमोर न धरता एक वीत अंतरावर, जरा बाजूला धरायचा. फुंकर पुढं निघून जाते, शब्द तेवढा माईकला लागतो.)

एकोणिसाव्या मिनिटाला कुकरची शिट्टी आहे. मला आठवलं, तेव्हा मी माईक उशीवर ठेवून गॅस बंद करायला गेले होते. माझ्या पावलांचा आवाजही आहे. त्यानंतर माझ्या तयार कार्यक्रमात लगेच आई म्हणते, “काय म्हणालात विहीणबाई?” मी तो प्रश्न चार वेळा ऐकला होता आणि आईला भास झाला असेल म्हणून सोडून दिला होता.

मूळ फाईलमध्ये शिट्टी आणि आईचा प्रश्न यांच्यामध्ये पंधरा सेकंद आहेत. चित्रात नुसती सरळ रेघ दिसते. मी तिथं आवाज वाढवत नेला. दहा, पंधरा, वीस डेसिबल. पंखा घरघरायला लागला. त्या घरघरीच्या आतून अत्तींचा आवाज आला.

“लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच पंगतीत वाढायला गेले. म्हणाले, भात संपली. सगळे हसले. चेष्टेनंच हसले, वाईट काही नाही. तेव्हापासनं हळू बोलायची सवय लागली. चूक झाली तरी कुणाला ऐकू जात नाही.”

मग काही नाही. चार सेकंद पंखा. मग आईचं “काय म्हणालात विहीणबाई?” आणि त्यावर अत्ती, जरा मोठ्यानं, “एनिल्लरी, काही नाही. होळगी गार झाल्यावरच डब्यात भरायची, म्हटलं.”

मी लॅपटॉप मिटला.

माझ्या त्या शांतता आखडणाऱ्या सोयीनं हे सगळं अर्ध्या सेकंदात बसवलं होतं. तिचा दोष नाही. उणे २० च्या खालचं काय ते काप, असं तिला मी सांगितलं होतं आणि अत्ती उणे २० च्या खाली होत्या. खोलीत त्या वेळी मी नव्हते. आईला ऐकू गेलं नाही. ते वाक्य त्या कुणाला उद्देशून बोलल्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मराठी व्याकरण शिकवणाऱ्या बाईनं यावर काय बोलावं? कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या एका रांगेत, भात, खुर्ची, रस्ता, सगळं ‘अदु’. आमच्याकडे भात तो, खुर्ची ती आणि टेबल ते. का, याला कारण विचारलं तर मीही ‘रूढी’ एवढंच सांगते. स्टाफरूममध्ये मी अत्तींचं ‘तो खुर्ची’ सांगून हशा पिकवला आहे, एकदा नव्हे. माझी कन्नड ऐकून अत्ती कधी हसल्याचं मला आठवत नाही. आणि माझी कन्नड काय लायकीची आहे हे आमच्या भाजीवालीला विचारा.

असो. त्या पंधरा सेकंदांचं काय करायचं? आधी पंखा काढायचा प्रयत्न केला. सॉफ्टवेअरला नुसत्या पंख्याचा तुकडा ऐकवायचा, मग ते सगळीकडून तसला आवाज पुसतं. पुसलं खरं, पण अत्ती घागरीत तोंड घालून बोलल्यासारख्या वाटायला लागल्या. ‘हसले’मधला ‘ह’ गेला, ‘स’ अर्धा गेला. साहजिक आहे, स, श, ह हे वर्णही एक प्रकारे नुसत्या हवेचे, पंख्याच्याच जातीचे. यंत्राला ‘हसले’ आणि ‘पंखा’ यांतला फरक कुठून कळणार? शेवटी पंखा अगदी थोडा कमी केला आणि बाकीचा राहू दिला.

आईच्या हसण्यासाठी कंप्रेसर वापरला. आवाज ठरवलेल्या रेषेच्या वर गेला की हा त्याला दाबतो. मी आधी हौसेनं एकास दहा दाबलं, तर आईला दम लागल्यासारखं वाटायला लागलं. मग एकास तीन केलं, म्हणजे रेषेच्या वर तीन डेसिबल गेलेला आवाज एकच डेसिबल वर जातो. हसणं हसणंच राहिलं, ब्रेक दाबण्याइतकं राहिलं नाही.

अत्तींना विचारल्याशिवाय ते वाक्य ठेवणं बरं नव्हतं. एका रविवारी दुपारी आई झोपल्यावर त्यांच्या कानात इअरफोन घातले. त्यांनी स्वतःचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. “इदु नंद ध्वनी एनु?” हा माझा आवाज काय, म्हणून त्यांनी दोनदा विचारलं. मग कुकरची शिट्टी आली आणि त्या गप्प झाल्या. संपल्यावर इअरफोन काढून वायर नीट गुंडाळली.

“हे काढून टाकू काय अत्ती?” मी विचारलं.

त्यांनी उत्तर दिलं नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, “तुझ्या त्या मशीनमध्ये ‘भात संपला’ करता येतं काय?”

“आवाज वाढवता येतो अत्ती. चूक दुरुस्त नाही करता येत.” माणसाच्याच आवाजात शब्द बदलून देणारी यंत्रंही आता आली आहेत, ते मी त्यांना सांगितलं नाही.

“मग कसलं मशीन,” त्या म्हणाल्या. “इरली बिडु. राहू दे तसंच. पण तुझ्या आईला कळू दे नको, उगाच मनाला लावून घेतील.”

हा दुसरा भाग मला पाळता आलेला नाही, कारण आई सगळे भाग हेडफोन लावून, आवाज पूर्ण चढवून ऐकते. तिनं ते ऐकलं. त्या दिवशी ती जेवताना काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र सकाळीच अत्तींच्या खोलीत जाऊन बसली आणि होळगीचं पुरण पाट्यावर कसं वाटायचं ते त्यांच्याकडून पुन्हा ऐकून घेतलं. दर वाक्याला “जरा मोठ्यानं बोला, मला ऐकू येत नाही,” म्हणत होती. अत्ती बोलत होत्या.

दुसऱ्या भागापासून आम्ही रीत बदलली. आता दोघींच्या समोर दोन मोबाईल असतात, प्रत्येकीपासून एक वीत अंतरावर, उशीवर टेकवून. दोन्हींवर रेकॉर्डिंग चालू करायचं आणि मी मध्ये उभी राहून एक खणखणीत टाळी वाजवायची. पुढं लॅपटॉपवर दोन फाईली एकाखाली एक ठेवल्या की टाळीचे दोन खांब जुळवले, काम झालं. अर्ध्या तासानं दोन मोबाईलांची घड्याळं किंचित पुढंमागं होतात, तेवढं मध्ये एकदा जुळवून घ्यावं लागतं. फरशीच्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून गादी असलेली खोली घ्यायची. आम्ही समोरच्या भिंतीला अत्तींच्या आईनं शिवलेली कौदी टांगतो. पंखा बंद. आपल्या बेळगावात तेवढं अर्धा तास निभतं. आणि पहिल्यांदा प्रत्येकीचा आवाज वेगवेगळा समपातळीत आणायचा, मग एकत्र करायचा, मगच उणे १६ चा आकडा बघायचा. आधी सरासरी आणि मग पोरं, असं केलं की काय होतं ते आम्ही भोगलंय.

एवढं करून अत्ती मोबाईल हळूच मागं सरकवतात. मी तो पुढं आणते. भाग संपेपर्यंत हे चालतं.

पहिला भाग पुन्हा नव्यानं तयार करून सगळ्यांना पाठवला. हुबळीहून नणंदेचा फोन रात्री उशिरा आला. आधी होळगीबद्दल बोलली, मुलांची चौकशी केली. मग म्हणाली, “वहिनी, ते एकोणिसाव्या मिनिटानंतर मध्येच आवाज गेलाय काय? तीन-चार सेकंद काही नाहीच.”

“नाही,” मी म्हटलं. “आवाज गेलेला नाही. तुमच्या आई गप्प बसल्या आहेत तिथं.”